विशेष काही नाही

चिरंजीव धाकटीस थोरलीचे ओंजळभर आशीर्वाद, आणि वर चिमूटभर राग. राग पुढे वाढत जाणार आहे, आशीर्वाद तेवढेच राहतील.

तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. उत्तर मला पाठ आहे. तू ‘बरी आहे’ म्हणणार. तापाने फणफणलेली असतानाही तू बरीच असतेस. तुझी साखर आणि तुझा तो कोपऱ्यातला दात, दोघेही जागच्या जागी असोत. तुझ्या मुलाचा गुडघा कसा आहे? (तोच, लहानपणी सायकलवरून पडला म्हणून सुजतो तो. चाळीस वर्षं झाली, सायकल भंगारात जाऊन तिची कढई झाली असेल, गुडघा अजून सुजतोच आहे. जबर सायकल होती.) तुझ्या नातीच्या लग्नाचं बोलणं कुठवर आलं? पोर गुणाची आहे, तुझ्या हाताखाली वाढूनसुद्धा. आणि तुझ्या स्वेटरचं वरून दुसरं बटण माझ्याकडे आहे. गेल्या हिवाळ्यात तू पाय आपटत निघालीस तेव्हा माझ्या दाराच्या कडीत अडकून तुटलं ते. मी जपून ठेवलं आहे. बटणं मी टाकत नाही, तुला माहीत आहे.

मी अंगाने बरी आहे. डोक्याने मात्र गेले दोन महिने अशी तापलेय की माझ्या डोक्यावर इस्त्री गरम करता येईल. त्याचीच हकीकत सांगायची आहे.

आधी अक्षराबद्दल. हे जे मुंगळ्यांनी शाईत पाय बुडवून पळ काढल्यासारखं दिसतं आहे, ते अक्षर डॉक्टरचं आहे. बाळंतपणाची डॉक्टर व्हायला शिकते आहे अशी एक पोरगी समोर बसून लिहिते आहे, मी सांगते आहे. नाव तिचं काहीतरी छान आहे, मी तिला घाईबाई म्हणते. माझा सगळा संताप हिच्यावरच आहे, आणि तो तिच्याच हातून लिहून घेण्यात जे सुख आहे ते मला नातवंडं झाली तेव्हाही मिळालं नव्हतं. (ती खरंच लिहिते आहे की सोयीचं तेवढंच उतरवते आहे हे मला कळायला मार्ग नाही. म्हणून पाकीट बंद करण्याआधी खालच्या शिंप्याकडून वाचून घेणार आहे. चाळीस वर्षं त्याच्याकडे काजं-बटणं केली, तेवढं तो करेल.)

तर झालं असं. माझ्या लेकीची लेक, म्हणजे तुझीही नातच की, बाळंतपणासाठी माझ्याकडे राहायला आली आहे. पाचवा महिना लागला होता. इथल्या मोठ्या इस्पितळात नाव नोंदवायला आम्ही दोघी गेलो. लांबच लांब पडवी, भिंतीला कमरेइतका हिरवा रंग, एक फळी गेलेला बाक आणि त्या गेलेल्या फळीवरच बसायला उरलेली मी. बायका वजनकाट्यावर चढत होत्या, उतरत होत्या, आणि प्रत्येकीला काटा खोटाच वाटत होता. आमचा नंबर लागला. आत गेलो तर टेबलामागे ही. मान वर न करताच म्हणाली, “आजी, तुम्ही बाहेर बसा, आत जागा नाही.” जागा होती. एक खुर्ची होती. तिच्यावर हिची पिशवी बसली होती. म्हणजे इस्पितळात पिशवीला खुर्ची, आणि जिला पाच पिढ्यांची खडान्‌खडा माहिती आहे तिला फळी नसलेला बाक. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा दाराबाहेर काढून कडी लावली होती.

कडी नीट लागत नव्हती म्हणून मला सगळं ऐकू आलं. “घरात कोणाला साखर, रक्तदाब, फिट, आणखी काही?” “नाही.” “बरं, झोपा टेबलावर.” झालं. संपलं. आमच्या शिंप्याला एका बाहीचं माप घ्यायला याहून जास्त वेळ लागतो, आणि बाही चुकली तर उसवून परत शिवता येते. पोरगी बाहेर आली, हातात कागद. मी म्हटलं, वाच बघू काय लिहिलंय. तिने रक्तगट वाचला, वजन वाचलं, आणि मग वाचलं, “कौटुंबिक इतिहास : विशेष काही नाही.”

धाकटे, मी आयुष्यात पुष्कळ शिव्या ऐकल्या आहेत. काही तुझ्याकडूनच. पण या तीन शब्दांइतकी झोंबलेली एकही नाही. (लिहिणारी : त्या दिवशी त्या माझ्या एकोणचाळिसाव्या रुग्ण होत्या आणि मी आदल्या सकाळपासून पायांवर उभी होते.) काय गं, कंसात काय लिहिलंस? वाच. हं. राहू दे, तिचीही बाजू असू दे. एक कंस दिला, दुसरा मिळणार नाही.

विशेष काही नाही. तू चार वर्षांची होतीस, तुला फार आठवत नसेल. मी नऊ वर्षांची होते, मला सगळं आठवतं. आपल्या भावाचा दुधाचा दात पडला. सगळ्या जगाच्या पोरांचे पडतात, आपल्या घरी मात्र तीन दिवस रक्त थांबलं नाही. आई चादरी धूत होती, वाळत घालत होती, परत धूत होती. चौथ्या दिवशी धुवायला काही उरलं नाही. त्याच्या आधी आईचा भाऊ, आपला मामा, पायरीवरून पडला. इतर मुलं पडली की रडतात आणि उठतात, तो उठला नाही. आणि मग आईने आपल्याला समोर बसवून सांगितलं, कोणी विचारलं तर ताप आला होता म्हणायचं. घरात दोन मुली उजवायच्या आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हापासून आपल्या घरात अळीमिळी गुपचिळी. दोन्ही मुली उजवल्या गेल्या, मूठ काही कोणी उघडली नाही.

आता तू म्हणशील, मग आत पोरगी ‘नाही’ म्हणाली यात डॉक्टरणीचा काय दोष. तेच तर. पोरगी खोटं बोलली नाही, तिला माहीतच नव्हतं. तिच्या आईलाही माहीत नाही, कारण तिच्या आईची आई मी, आणि मी तोंड शिवून बसले. (मला दोन्ही मुलीच झाल्या. मुलगा झाला असता तर तोंड आपोआप उसवलं असतं.) म्हणजे त्या बाकावर बसून मी जो संताप संताप केला, त्यातला निम्मा माझ्याच वाट्याचा होता. पण निम्मा तर होता ना दुसऱ्याचा. मी तो घेऊन आत गेले.

मी सरळ म्हटलं, “आमच्या घरातल्या मुलग्यांचं रक्त थांबत नाही. लिही.” तर घाईबाई म्हणते, “आजाराचं नाव काय?” मी म्हटलं, नाव माहीत असतं तर तू कशाला हवी होतीस. ती म्हणाली, “काही कागद आहेत? रिपोर्ट?” त्या काळी दात पडल्याचा रिपोर्ट करत नसत गं बाई. ती म्हणाली, “कोण कोण, कधी, कसं, ते पुढच्या वेळी लिहून आणा.” मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली, आणि अशा प्रेमळ नजरेने माझ्याकडे बघितलं की मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. अडाणी म्हातारीला विसरायलाही होत असेल, असं त्या नजरेत छापलेलं होतं. छापलेलं मला वाचता येत नाही, नजर वाचता येते.

पुढच्या मंगळवारी मी डबा घेऊन गेले.

डबा तुला ठाऊक आहे, बिस्किटांचा, झाकणावर घोडा असलेला. तू त्याला माझा खुळखुळा म्हणतेस. त्यात आपलं घराणं आहे. लिहिता येत नाही म्हणून माणसं विसरायची का? ज्याचं बटण आहे तो विसरला जात नाही. पुरुषाला कोटाचं मोठं बटण, बाईला शर्टाचं लहान. ज्याचं रक्त थांबलं नाही त्याला काळं. भावाच्या त्या हिवाळी कोटाला चार काळी बटणं होती. कोट आईने जाळला, बटणं मी आधीच कापून घेतली होती. एक त्याला दिलं, एक मामाला. आणि ज्या बाईच्या पोटी काळं बटण आलं तिच्या पांढऱ्या बटणाला मी काळ्या दोऱ्याची गाठ मारली, कारण तिला काही झालं नाही तरी वाट तिच्यातूनच गेली, एवढं मला काजं करता करता कळलं होतं. कोणी शिकवलं नाही. चाळीस वर्षं बसून बघितलं की दिसतं.

अडतिसावा नंबर होता. मी आत गेले, खुर्चीवरची पिशवी उचलून हिच्या मांडीवर ठेवली, बसले, आणि तिच्या कागदांवरच बटणं मांडायला लागले. वर आजी, मग आई आणि मामा, मग आपण तिघं, खाली माझ्या लेकी, त्यांच्या खाली पोरं. घाईबाई म्हणत होती, “आजी, बाहेर रांग आहे, आजी, हे काय, आजी, प्लीज.” मी म्हटलं, रांग मला दिसली, मी तिच्यातूनच आले. आवाज चढले. तेवढ्यात दार उघडून मोठ्या बाई आत आल्या. म्हणजे त्यांच्या विभागाच्या मुख्य. केस पांढरे, चप्पल साधी, आवाज असा की वजनकाटासुद्धा खरं बोलेल. त्या भांडण मिटवायला आल्या होत्या. टेबलाकडे बघितलं. वाकून बघितलं. मग काळ्या गाठीच्या बटणावर बोट ठेवून मला विचारलं, “ही तुमची आई?” मी म्हटलं, हो. “आणि हा तिचा भाऊ?” हो. त्या घाईबाईकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, “बाहेर जेवढे शिकाऊ डॉक्टर असतील तेवढे बोलाव.” (हळू बोलणाऱ्या बाईला घाबरावं, हे घाईबाईला त्या दिवशी कळलं. आत्ता मान हलवते आहे.)

बारा जण आले. टेबलाभोवती उभे राहिले, जसे पंगतीत वाढायला थांबलेत. मोठ्या बाईंनी विचारलं, हे काय आहे? सगळ्यांनी एका सुरात आजाराचं नाव सांगितलं. मग एकाने गुणसूत्र सांगितलं, दुसऱ्याने रक्तातल्या कुठल्या घटकाची कमी ते सांगितलं, तिसऱ्याने ते कोणत्या साली सापडलं ते सांगितलं. पाठ, घडाघडा. मी थक्क झाले. एवढं सगळं यांच्या पोटात होतं, आणि माझ्या नातीच्या कागदावर विशेष काही नाही. मोठ्या बाईंनी मग दुसरा प्रश्न विचारला. म्हणाल्या, “आणि यांना विचारलं कोणी?” त्यावर बाराच्या बारा जण आपापल्या चपला मोजायला लागले.

नंतर चहा पिताना घाईबाईने मला सांगितलं की या विषयाला त्यांना सगळ्या शिक्षणात मिळून एक दुपार असते. एक. जेवणानंतर, पडदे ओढून, अंधारात भिंतीवर चित्रं दाखवतात, आणि आदल्या दिवसापासून जागी असलेली ही पोरं त्या अंधारात अशी झोपतात की शिकवणाराही आवाज खाली आणतो. पोट कसं फाडायचं याला तीन वर्षं, पोटात कोण कुठून आलंय याला एक दुपार, तीही घोरण्यात. धाकटे, मला तेव्हा कोणावर रागवावं तेच कळेना. राग हातात धरून मी उभी, ठेवायला जागा नाही. शेवटी मी तो मोठ्या बाईंवर ठेवला. म्हटलं, “तुमच्या कारखान्यात काजं करायला शिकवतात, पण बटण कुठल्या कपड्याचं ते बघायला नाही.” मोठ्या बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मग तुम्ही शिकवा. दर गुरुवारी या.”

कमाल बघ. मला, जिला आपलं नाव उलटं धरलेलं कळत नाही, तिला डॉक्टरांना शिकवायला बोलावलं. गेले सहा गुरुवार मी जाते आहे. मी खुर्चीवर बसते (माझी खुर्ची, पिशवीची नाही), एकेक जण समोर येऊन बसतो आणि त्याने माझ्याकडून घराण्याची माहिती काढायची. नियम असा की जे विचारतील तेवढंच मी सांगायचं. पहिला आला, त्याने कॉम्प्युटरकडे बघत प्रश्न विचारले. मीही कॉम्प्युटरकडे बघून उत्तरं दिली. अर्ध्या वाटेत त्याला कळलं की म्हातारी यंत्राशी बोलते आहे. दुसरा मी बहिरी आहे असं धरून इतका ओरडला की पडवीतल्या तीन बायकांनी आपापल्या घरचे आजार सांगून टाकले. तिसरीने विचारलं, “तुमच्या कुटुंबात काही आनुवंशिक विकृती आहे का?” मी म्हटलं, “नाही हो, आमचं चांगलं घर आहे.” तिने लिहून घेतलं. चौथ्याने फक्त सासरचं विचारलं, कारण त्याच्या मते बाई लग्नादिवशी जन्माला येते. एका पोराने मात्र हळूच विचारलं, “आजी, तुमच्या माहेरी कोणी लहान वयात गेलं का?” आणि मग गप्प बसला. नुसता गप्प. त्या गप्प बसण्यातून मी त्याला भाऊ दिला, मामा दिला, चादरीसुद्धा दिल्या.

मी त्यांना एकच प्रश्न शिकवला आहे. बाकीचे त्यांच्या पुस्तकात आहेत. आधी दार लावा, बाईला बसवा, घरची म्हातारी आली असेल तर बाईला विचारून तिलाही बसवा, आणि मग विचारा : “तुमच्या घरात कोणाबद्दल बोलत नाहीत?” बास. प्रत्येक घरात एक असतो. घाईबाईने ते तिच्या वहीत लिहून घेतलंय, परवा एका बाईला विचारलंही, आणि ती बाई पाऊण तास बोलत होती. रांग पडवीच्या बाहेर गेली. मला अभिमान वाटला.

मोठ्या बाईंनी मला ते सगळं समजावून दिलं, माझ्या भाषेत. बाईकडे दोन दोरे असतात, पुरुषाकडे एकच. (उगाच नाही ते लवकर उसवत.) बाईचा एक दोरा कच्चा निघाला तर ती दुसऱ्यावर निभावून नेते, कोणाला कळतही नाही; फार तर कुठे थोडं लागलं तरी निळे डाग पडतात, दर महिन्याला जास्त जातं, बाळंतपणात जपावं लागतं. मुलग्याला कच्चा मिळाला तर त्याच्याकडे दुसरा नाही. बाई आपल्या लेकराला दोनातला एक देते, कोणता ते तिच्या हातात नाही. पण बापाचाच दोरा कच्चा असेल तर त्याच्याकडे दुसरा आहेच कुठे. त्याच्या एकूण एक मुलीला तोच जातो, एकही सुटत नाही, आणि मुलग्यांना एकालाही जात नाही. यात कोणाचं पाप नाही, कोणाचा शाप नाही. मापच तसं आहे. आणि आता यावर औषध आहे, धाकटे. सुई आहे, टोचली की रक्त थांबतं. आपल्या भावाच्या वेळी असती तर आज तो आपल्याला दोघींना ओरडत बसला असता.

नातीचं म्हणशील तर, तिला आठवा लागायला तीन आठवडे आहेत. मुलगा की मुलगी, कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. जे येईल त्याला जपायचं. तिच्यात कच्चा दोरा असला तर बाळाचं डोकं चिमट्याने ओढायचं नाही, यंत्राने खेचायचं नाही, नाळेतलं रक्त तपासल्याशिवाय बाळाच्या मांडीत सुई टोचायची नाही, आणि तिच्यासाठी सगळी तयारी ठेवायची. हे सगळं आधी माहीत असेल तर साधं आहे. माहीत नसेल तर पुन्हा चादरी आहेत. पण तिच्यात आहे की नाही हे पक्कं कळायला आमच्या दोऱ्यातली नेमकी चूक कुठे आहे ते सापडायला हवं, आणि ते सापडतं ज्याचं रक्त थांबत नाही अशा घरातल्याच माणसाच्या रक्तातून. नाहीतर अख्ख्या कापडाच्या ताग्यात तुटलेलं सुईचं टोक शोधण्यासारखं. मोठ्या बाईंनी विचारलं, “काळ्या बटणांपैकी कोणी हयात आहे?” मी बटणांकडे बघितलं. भाऊ नाही, मामा नाही. तुझ्या बटणाखाली मी एक जागा रिकामी ठेवली होती. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “इथे?” मी म्हटलं, ते बहिणीचं आहे, तिला विचारून सांगते.

तुला फोनवर तीनदा विचारलं. तीनदा तू म्हणालीस, “ताई, सायकल,” आणि फोन ठेवलास.

तर हे असं आहे. आता पत्र आवरते. आज घाईबाई माझ्याकडे आली ती खरं तर अभ्यासाला. मोठ्या बाईंनी सगळ्यांना एकेक घर नेमून दिलंय, त्या घरात जाऊन, बसून, वंशावळ काढून आणायची. मी म्हटलं, आधी माझं पत्र, मग तुझी वंशावळ. पत्राच्या शेवटी ‘बाकी विशेष काही नाही’ असं लिहायची पद्धत आहे. ती मी या जन्मात पुन्हा पाळणार नाही.

तुझी,
थोरली

ता. क. — पाकिटात दोन बटणं घातली आहेत. काळं भावाच्या कोटाचं आहे, चारातलं तिसरं. पांढरं तुझ्या स्वेटरचं. तुझ्या मुलाच्या जागेवर जे खरं असेल ते परत पाठव. लिहिता दोघींनाही येत नाही, बटण दोघींना कळतं. काळं असेल तर सोबत मुलगाही पाठव. दंडातून बाटलीभर रक्त घेतील, बोटभर बाटली, आणि त्याच्या गुडघ्यालाही जन्मात पहिल्यांदा खरा डॉक्टर भेटेल. हे पत्र म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं, मान्य. पण भांडं आता काढलं ना बाहेर.

ता. क. दुसरा — घाईबाईने आत्ता विचारलं, “तुमच्या बहिणीलाही वाचता येत नाही, मग हे तिला वाचून कोण दाखवणार?” मी म्हटलं, तिची नात. मुलाची मुलगी, तिच्याजवळच असते. घाईबाईने पेन खाली ठेवलं. म्हणाली, “आजी, हे बरोबर नाही. ज्याची गोष्ट त्याने सांगायची. हे आम्हाला शिकवलंय.” मी विचारलं, “कोणत्या दुपारी?” तर म्हणाली, “तेव्हा मी जागी होते.” भांडलो. चांगलं तासभर भांडलो. हे एवढं लिहून ती निघते आहे, पुढचं लिहिणार नाही म्हणते. पोरगी तयार होते आहे.

ता. क. तिसरा — आता अक्षर बदललंय, सुवाच्य आहे. हा खालचा शिंपी लिहितो आहे. घाईबाईचं बरोबर आहे, धाकटे. ती डॉक्टर आहे, तिने गप्प बसायलाच हवं. मी डॉक्टर नाही. तरी तिच्या शब्दाखातर तुला एक संधी देते. नातीच्या हातून पत्र आत्ता काढून घे आणि तिला तू स्वतः सांग. त्यासाठी शिंप्याला इथे दोन ओळी कोऱ्या सोडायला सांगितल्या आहेत.

.

.

नाही घेतलंस ना. वाटलंच.

बाळ, आता तू ऐक. वाचते आहेस तूच, म्हणजे आपल्या दोघींचंच चाललं आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोन तुझी आजी कानाला लावते, आणि पत्र तिला तुझ्या तोंडून ऐकावं लागतं, म्हणून पत्र लिहिलं. तुझ्या बाबांचा गुडघा सायकलमुळे सुजत नाही. बाबांना सायकल कधी कोणी हातात दिलीच नाही, तुझी आजी त्यांना पायरीही उतरू देत नव्हती. बापाच्या दोऱ्याबद्दल वर काय लिहिलंय ते पुन्हा एकदा वाच, सावकाश. तुझ्या हातापायांवर जे निळे डाग येतात आणि आजी ज्यांना ‘नाजूक कातडी’ म्हणते, ते तुला आठवतील. घाबरू नकोस. तू ठणठणीत आहेस, लग्न कर, पोरं होऊ देत, फक्त कोणी डॉक्टर तुझ्या कागदावर तीन शब्द लिहायला लागला की त्याचा हात धर. आणि ज्या मुलाशी लग्न ठरतंय त्याला आधी सांग. पळाला तर बरंच झालं, कच्चा दोरा निघाला तो.

काळं बटण तू पाकिटात घाल आणि बाबांना घेऊन ये, या आठवड्यात. इथे तुझी एक बहीण पोट सांभाळून वाट बघते आहे. आजीवर रागावू नकोस, तिचा राग करायला मी आहे, मला सवय आहे. ती आत्ता उठून खिडकीशी गेली असेल आणि ‘काय मेलं ऊन आहे’ असं काहीतरी म्हणत असेल. तिला बोलू दे. पांढरं बटण तिच्या स्वेटरला लावून दे, वरून दुसरं. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, कोणाला सांगत नाही, आणि थंडी नेमकी तिथूनच आत शिरते.